उपासाची बरणी आणि तळणीची बरणी

माझ्या भावोजींनी जितकी माणसं दचकवली तितकी अख्ख्या नवी मुंबईत दुसऱ्या कोणी दचकवली नसतील, आणि त्यातल्या एकाचंही त्यांनी कधी वाईट चिंतलं नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना भावोजी म्हणत असे म्हणून वाशीच्या आमच्या सोसायटीतले सगळेच त्यांना भावोजी म्हणू लागले, अगदी त्यांच्याहून वयाने मोठे असलेले सेक्रेटरीसुद्धा. ते तिसऱ्या मजल्यावर राहत आणि मी तळमजल्यावर. ही ऐंशीनंतरच्या चारदोन वर्षांतली गोष्ट. खाडीपूल ओलांडून इकडे राहायला निघालेल्या माणसाला दादर-गिरगावचे नातेवाईक तेव्हा परदेशी निघाल्यासारखा निरोप देत आणि 'तिकडे भाजी मिळते का रे' असं काळजीने विचारत. भाजी मिळायची, पण करमणूक म्हणून काही नव्हतं. रस्ते होते, रस्त्यांना दिवे नव्हते. सेक्टर होते, पण त्यातल्या निम्म्यांत नुसतं गवत होतं. अशा त्या धुळीच्या, अर्ध्या बांधलेल्या गावात आम्हाला भावोजी होते.

ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. जिवंत प्राण्याची पहिली खूण श्वास नव्हे तर दचकणं, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि मत नुसतं बाळगून गप्प बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. तुम्ही पेपर वाचत बसलेले असायचे, ते मागून यायचे आणि डब्याचं झाकण फरशीवर सोडायचे. तुम्ही खुर्चीतून उडालात की समाधानाने मान हलवून 'छान' म्हणायचे आणि आल्या पावली परत जायचे. चहाही घ्यायचे नाहीत. एकदा सेक्रेटरी दोन्ही हातांत दुधाच्या बाटल्या घेऊन जिना चढत होते, तेव्हा भावोजींनी वरच्या वळणावरून टाळी वाजवली. दोन्ही बाटल्या गेल्या. भावोजी काचा आणि दूध ओलांडून खाली आले आणि अगदी मनापासून म्हणाले, साठी उलटली तरी तुमची चपळाई वाखाणण्यासारखी आहे. त्यानंतर महिनाभर सेक्रेटरी त्यांच्याशी बोलले नाहीत. पण सेक्रेटरी म्हणून तक्रार करणं तर भाग होतं, म्हणून त्यांनी खाली फळ्यावर सूचना लिहिली की जिन्यात कोणीही कोणालाही दचकवू नये. बाहेरून येणारे पाहुणे ती सूचना दोनदा वाचत आणि मग कठड्याला धरून वर चढत.

मला मुलगी पाहायला गेलो तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून भावोजी बरोबर होते. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मी खाली मान घालून बसलो होतो. एवढ्यात भावोजींच्या हातून चमचा निसटला, म्हणजे त्यांनी तो निसटू दिला, आणि ट्रेमधल्या एका बशीतले पोहे मुलीच्या काकांच्या मांडीवर गेले. सगळे ओशाळले. भावोजी मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाले, मुलगी उत्तम आहे, होकार देऊन टाक. ती मुलगी पुढे माझी बायको झाली. भावोजींचा आवाज जिन्यात ऐकू आला की ती हातात असेल ती वस्तू आधी खाली ठेवायची, ही सवय तिला कायमची लागली.

ह्या सगळ्या वेडाच्या मुळाशी मात्र गंमत नव्हती. काही वर्षांपूर्वी ते कॉलेजची मुलं घेऊन उरणच्या किनाऱ्याला गेले होते. कुठल्या जहाजातून सांडलं कोण जाणे, पण त्या वेळी समुद्रातून कच्चं तेल वाहत किनाऱ्याला लागलं होतं आणि खडक डांबर फासल्यासारखे काळे झाले होते. ओहोटीने मागे राहिलेल्या एका डबक्यात बोय माशाची पिल्लं होती, बोटाच्या पेराएवढी. हा मासा फार भित्रा. होडीच्या फळीवर हात मारला तर मोठी बोय पाण्याबाहेर उडी घेते, म्हणून तर कोळी लोक फळी बडवून तिला जाळ्यात पाडतात. भावोजींनी मुलांना ही गंमत दाखवावी म्हणून डबक्याशी वाकून टाळी वाजवली. एकही पिल्लू हललं नाही. 'जिवंत होती,' ते मला म्हणाले होते, 'कल्ले हलत होते. पण टाळी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.' हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी थट्टा करणार होतो ती गिळली. परत आल्यावर त्यांनी पीएच.डी.साठी नाव घातलं. कच्च्या तेलामुळे माशाच्या पिल्लांचं आवाजाला दचकणं कमी होतं का, हा विषय. वयाच्या चाळिशीत, दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये.

कॉलेजात जागा नव्हती, म्हणून प्रयोगशाळा घरात आली. ताईच्या कैरीच्या लोणच्याच्या दोन मोठ्या काचेच्या बरण्या रिकाम्या करून, धुऊन, हॉलमध्ये टेबलावर मांडल्या गेल्या. एकीत खाडीचं स्वच्छ पाणी आणि दुसरीत तेल घुसळून, वरचा तवंग काढून घेतलेलं पाणी. पहिलीला ते उपासाची बरणी म्हणत आणि दुसरीला तळणीची. शेजारी एक पत्र्याचं घमेलं उपडं घातलेलं, आणि त्याच्यावर कपाटाच्या कडीवरून दोऱ्याने टांगलेली ताईची आमटीची पळी. दोरा सोडला की पळी घमेल्यावर खणकन पडे. उपासाच्या बरणीतली पिल्लं त्याच क्षणी चकलीच्या अर्ध्या वेढ्यासारखी वाकत आणि दुसऱ्या दिशेला सुटत. तळणीच्या बरणीतली तरंगत राहत, नाहीतर काम उरकून झाल्यावर बोलावणं आल्यासारखी सावकाश वळत. पळी टांगलेली असल्यामुळे ताई आमटी वाटीने वाढायची.

पाण्याचे कॅन ते एसटीने आणत. कंडक्टरने एकदा कॅनचं वेगळं तिकीट मागितलं तेव्हा भावोजींनी त्याला आतल्या पिल्लांचं वय विचारात घ्यायला सांगितलं. पिल्लं देणारी कोळीण हिशेबाला पक्की, पण ह्या गिऱ्हाइकापुढे तिनेही हात टेकले. 'सायेब, यवढुशी पिल्लं घेऊन करनार काय तुमी? मानसाच्या दातात पन अडकायची नाय,' असं ती त्यांना दर खेपेला सांगायची आणि दर खेपेला वर एक बोंबील घालायची, निदान घरी नेऊन खायला काहीतरी असावं म्हणून. खडकांवरून खरवडून आणलेलं तेल भावोजी श्रीखंडाच्या डब्यात ठेवत. डब्यावरचं चित्र तसंच होतं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ वासाबद्दल तक्रार करायला आले होते, ते ताई चहा टाकेपर्यंत एकटेच हॉलमध्ये बसले, आणि त्यांनी तो डबा उघडला. त्यांनी बोट घातलं की नाही हे त्यांनी कधीच कबूल केलं नाही. पण त्यानंतर त्यांच्या तक्रारींना एक वैयक्तिक धार आली.

असं चार वर्षं चाललं. मग भावोजींचे गाईड निवृत्तीला आले. त्यांनी निरोप धाडला की मी गणपतीतल्या रविवारी स्वतः येऊन मासे पाहीन, माझी खात्री पटली तर प्रबंध माझ्या सहीने पुढे जाईल, महिनाअखेरीनंतर मात्र माझ्या हातात काही नाही. म्हणजे हा रविवार हुकला तर नवे गाईड, नवा विषय, आणि चार वर्षं खाडीत. भावोजी खुशीत होते. त्यांची पिल्लं त्यांना दगा देणार नाहीत ह्याची त्यांना खात्री होती.

आणि नेमकी त्याच सुमाराला पिल्लांनी पाठ फिरवली. तळणीच्या बरणीचा प्रश्न नव्हता, ती आधीपासूनच ढिम्म होती. पण आता उपासाच्या बरणीतलीही दचकेनात. पळी खणकन पडायची आणि दोन्ही बरण्यांत सारखीच शांतता. भावोजींनी पाणी बदललं, पिल्लं बदलली. नवी पिल्लं दोन दिवस उडाली आणि तीही थंड झाली. भावोजींचं जेवण तुटलं. जिन्यात कोणालाही न दचकवता ते वर-खाली करू लागले, त्याने तर आम्ही फारच घाबरलो. शेवटी त्यांना एक दिवस शोध लागला. बरणी लोणच्याची. लोणच्यात तेल. धुतली तरी काचेच्या कडेला कुठेतरी तेल राहिलं असणार आणि उपासाची बरणीही हळूहळू तळणीची झाली असणार. हा सिद्धान्त त्यांनी ताईसमोर मांडला, आणि तोही अशा सुरात की जणू तिनेच चार वर्षांपूर्वी मुद्दाम मोहरी फेसली होती. आमच्या आईकडून आलेल्या लोणच्याला नाव ठेवलं म्हटल्यावर ताईने त्यांच्याशी बोलणं सोडलं.

समोरच्या प्लॉटवर तेव्हा महिनाभर पायलिंग चालू होतं. लोखंडी घण सकाळी सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत जमिनीत खांब ठोकत राहायचा. पहिले काही दिवस फडताळातली भांडी वाजली, मग आम्ही तो आवाज ऐकणंच सोडून दिलं. घण थांबला की खालच्या पटांगणात सोसायटीच्या मुलांची गणपतीसाठी लेझीम सुरू व्हायची. एका संध्याकाळी मी वर गेलो तर भावोजी बरणीची काच कापसाने पुसत होते आणि ताई तांदूळ निवडत होती. भावोजींनी पुसून झाल्यावर पळी सोडली. मी खुर्चीतून उडालो. मासे नाही, आणि ताईही नाही. तिने तांदळातून मान वर केली आणि तीन दिवसांनी तोंड उघडलं.

'तेल कशाला लागतंय,' ती म्हणाली, 'सवय झालीये त्यांना. दिवसभर तो घण, मग लेझीम, आणि वर तुमची पळी. किती दचकतील बिचारी? मी तरी आता दचकते का तुम्हाला?'

भावोजी खाली बसले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास, मग शरम आणि मग इतका आनंद पसरला की ताईलाही हसू आवरेना. 'म्हणजे कान शाबूत आहेत त्यांचे,' ते म्हणाले, आणि चपलाही न घालता सेक्रेटरींकडे धावले.

घणाचं काम तर संपतच आलं होतं, गणपतीच्या आत खांब रोवून होणार होते. प्रश्न आमच्याच गणपतीचा होता. नवी पिल्लं आणायची, त्यांना पाच दिवस पूर्ण शांतता द्यायची आणि रविवारी सरांना दाखवायची, असं भावोजींचं म्हणणं. आणि हे पाच दिवस म्हणजे चतुर्थीपासून विसर्जनापर्यंतचे. सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी गच्चीवर मीटिंग घेतली, ती भावोजींना मदत म्हणून नव्हे, तर हा माणूस कुठल्या थराला गेलाय ते सगळ्यांनी ऐकावं म्हणून. भावोजींनी मागणी सांगितली. माईक नको, ढोल नको, झांजा नकोत, टाळ्या नकोत.

'भावोजी, टेन्शन वेगळंच आहे,' सेक्रेटरी म्हणाले. 'आमी गप्प बसू. पण बाप्पाला कळणार कसं, आरती चालू आहे ते?'

सगळे हसले. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी श्रीखंडाच्या डब्याचा उल्लेख न करता वासावर बरंच भाषण केलं. तेव्हा ताई उभी राहिली. मीटिंगमध्ये ती आधी कधी बोलली नव्हती. ती म्हणाली, 'रविवारी ह्यांचं काम झालं तर सोमवारी मासे खाडीत जातील. नाही झालं तर हे नवे गाईड शोधतील, नवे मासे आणतील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील. मी ह्यांना ओळखते.' आणि खाली बसली. मग ठराव एकमताने मंजूर झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दोन्ही हात वर केले होते.

ते पाच दिवस मी विसरणार नाही. सोसायटीचा गणपती आला तो वाजतगाजत नव्हे, तर पाळण्यातल्या बाळाच्या खोलीत शिरावं तसा. आरती कुजबुजत होई. झांजांना रुमाल गुंडाळलेले. टाळ्या वाजवताना तळवे एकमेकांच्या जवळ येऊन थांबत, ते पाहून बाहेरच्याला वाटावं की आम्ही सगळे मिळून न दिसणारा एखादा डास धरतोय. कुकरच्या शिट्या बंद, म्हणून घरोघरी भात पातेल्यात शिजू लागला आणि थोडा थोडा करपू लागला. बायका भांडायच्या त्या हातवाऱ्यांनी. आणि ह्या सगळ्याचा मुकादम कोण, तर सेक्रेटरी. एकदा ठराव झाला म्हटल्यावर ते कायद्याला पक्के. जिन्यात कोणी शिंकलं तरी ते कठड्यावरून वाकून बघायचे. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच वर गेले आणि पिल्लांची तब्येत कशी आहे ते खुणेने विचारून आले.

रविवारी गाईड सर आले. किडकिडीत, थकलेले, सौम्य गृहस्थ. त्यांना वाटलं होतं, एक शांत घर असेल आणि दोन बरण्या. इथे फाटकापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी, सगळी गंभीर, सगळी मुकी. सरांनी फाटकातच चपला काढल्या आणि जवळ येऊन हलक्या आवाजात मला विचारलं, 'केव्हा झालं?' मी म्हटलं, 'अजून व्हायचंय. आपलीच वाट बघतायत.' ते जरा दबकतच वर आले.

हॉलमध्ये मावतील तेवढे आत, बाकीचे दारात. भावोजींनी घमेलं आधी उपासाच्या बरणीशी सरकवलं आणि दोरा सोडला. पाच दिवस चमचासुद्धा न वाजलेल्या त्या इमारतीत ती पळी तोफेसारखी वाजली. उपासाची पिल्लं एकजात वाकली आणि सुटली. आणि त्यांच्या जोडीला आम्हीही सगळे. सेक्रेटरींनी सरांचा दंड पकडला, सरांनी सेक्रेटरींचा, दारातून कोणीतरी कोणाच्या तरी पायावर पडलं. पाच दिवसांचं दाबलेलं हसू एकदम फुटलं. भावोजी पिल्लांकडे बघून 'छान, छान' म्हणत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग त्यांनी सगळ्यांना पुन्हा गप्प केलं, जरा वेळ जाऊ दिला, घमेलं तळणीच्या बरणीशी नेलं आणि दोरा सोडला. आम्ही पुन्हा उडालो. पिल्लं नाही. ती तिथेच होती. मग त्यातलं एक सावकाश वळलं, कोणीतरी मागाहून आठवण करून दिल्यासारखं. ह्या खेपेला कोणी हसलं नाही.

'ऐकू येत नाही यांना?' सेक्रेटरींनी विचारलं.

'येत असेल,' भावोजी म्हणाले. 'पण पळायला हवं हे उशिरा कळतं. खाडीत तेवढ्या उशिरात दुसऱ्याचं जेवण होऊन जातं.'

सरांनी चष्मा काढून पुसला आणि प्रबंध पाठवून द्या म्हणाले. त्या संध्याकाळी विसर्जनाच्या आरतीला आम्ही झांजांचे रुमाल सोडले आणि पाच दिवसांची थकबाकी वसूल केली.

ठरल्याप्रमाणे सोमवारी सेक्रेटरी मासे गेले की नाहीत ते पाहायला आले. उपासाची पिल्लं भावोजींनी पहाटेच्या भरतीला खाडीत सोडून दिली होती. तळणीची बरणी मात्र टेबलावर होती, त्यातलं तेलाचं पाणी काढून स्वच्छ पाणी भरलेलं. भावोजी चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. ही सोडली तर त्याला सोडणं म्हणता यायचं नाही हो, दुसऱ्याच्या तोंडी देणंच ते, एवढंच म्हणाले. सेक्रेटरी बरणीकडे बघत राहिले. मग त्यांनी वास येतो का ते हुंगून पाहिलं आणि म्हणाले, राहू द्या, मी काय कुठे लिहीत नाही. आणि त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी काहीतरी निमित्ताने वर येऊ लागले. कधी पाण्याची टाकी, कधी वर्गणी. बसले की हळूच म्हणायचे, बघू या का एकदा. भावोजी पळी सोडायचे, दोघे चष्मे सावरून बघायचे, आणि मग दुसरं काहीतरी बोलायचे. पिल्लं एकेक करून कमी होत गेली. दिवाळीच्या तोंडावर एकच उरलं होतं, चांगलं वाढलेलं, शांत. भावोजींचा प्रबंध तोपर्यंत सरांच्या सहीने विद्यापीठात दाखल झाला होता. पेढे वाटून झाले होते. पण पेढे वाटतानाही त्यांचं निम्मं लक्ष त्या बरणीकडेच होतं, हे मला दिसत होतं आणि वाईट वाटत होतं.

चकल्यांच्या दिवशी मी वर गेलो तेव्हा दोघे नेहमीसारखे टेबलाशी होते. भावोजींनी दोरा सोडला आणि नेमकं त्याच वेळी तळणाच्या धुराने डोळे चुरचुरले म्हणून चष्मा काढला. पळी वाजली.

'वळला,' सेक्रेटरी म्हणाले.

भावोजी चष्मा हातात धरून तसेच थांबले. 'नक्की?'

'ह्या डोळ्यांनी बघितला. असा सपकन वळला.'

मी बरणीसमोरच बसलो होतो. मासा जागचा हलला नव्हता. मी सेक्रेटरींकडे पाहिलं, तर ते कायद्याला पक्के असलेले गृहस्थ माझी नजर चुकवून छताकडे बघत होते. भावोजींनी मला काही विचारायच्या आत स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, 'हो, मी पण बघितला.' स्वयंपाकघर आणि हॉलच्या मध्ये भिंत आहे. शेगडीपासून बरणी दिसत नाही.

विद्यार्थ्यांनी केलेलं कुठलंही निरीक्षण भावोजी पुन्हा करायला लावत. आपल्या डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट त्यांनी कधी मानली नाही, प्रबंधात तर नाहीच. आता त्यांचा हात दोऱ्याकडे जाईल म्हणून मी श्वास रोखून बसलो. हात गेला नाही. त्यांनी चष्मा पुसला, लावला, भिंतीकडे बघितलं, मग सेक्रेटरींकडे, आणि मग त्या माशाकडे बराच वेळ बघत राहिले.

'वळला असेल,' ते म्हणाले. 'उशीर लागतो कधी कधी.'

भावोजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली, सेक्रेटरीही गेले. पण भावोजींचं ते 'असेल' माझ्या मनातून जात नाही. सेक्रेटरींचं आणि ताईचं ते खोटं म्हणजे प्रेम होतं, आणि भावोजींना ते कळलं होतं.